उचलून घेणे : एक उभयपक्षी व्यवहार

सतरंजीवर उताण्या निजलेल्या तान्ह्या मुलाकडे वाकून कोणी मोठे माणूस दोन्ही हात पुढे करते, ते हात मुलाच्या काखांखाली जातात आणि मूल वर येते; या साऱ्या प्रकारात करणारे ते माणूस आणि करवून घेणारे, किंबहुना निमूटपणे सोसणारे, ते मूल, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरीत आलो आहो. बालमानसशास्त्राच्या गेल्या पन्नास वर्षांच्या दप्तराने हे गृहीत बव्हंशी खारीज केले आहे. मात्र त्या दप्तरात काही उतावळ्या निष्कर्षांचेही कागद आहेत, आणि आढावा घेणाऱ्याने ते वगळून चालणार नाही.

१९७४ साली विल्यम कॉन्डन आणि लुई सँडर या बोस्टनच्या संशोधकांनी चित्रफितीची एकेक चौकट तपासून असे प्रतिपादन केले की, जेमतेम एक-दोन दिवसांच्या अर्भकाची हालचाल त्याच्या कानी पडणाऱ्या भाषणाच्या खंडांशी तंतोतंत जुळते, मग ते भाषण इंग्रजी असो वा चिनी. ही कल्पना इतकी मनोहर होती की तिची फेरतपासणी व्हावी असे फारसे कोणास वाटले नाही. पुढे अधिक काटेकोर मोजणी झाली तेव्हा तो मेळ आढळला नाही. १९७७ मध्ये अँड्र्यू मेल्ट्झॉफ आणि कीथ मूर यांनी दोन-तीन आठवड्यांची मुले मोठ्यांना पाहून जीभ बाहेर काढतात असा दाखला दिला, तर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १०६ अर्भके नऊ आठवड्यांपर्यंत वारंवार तपासून असे अनुकरण दिसत नसल्याचे नोंदविले. या वादाचा फैसला अद्याप लागलेला नाही. माझ्या मते दोन्ही प्रकरणांत शोध चुकीच्या ठिकाणी चालला होता, कारण दोन देहांनी एकाच क्षणी एकच गोष्ट करावी, हीच समन्वयाची कसोटी मानली गेली होती.

ती कसोटी ढिली पडली ती एडवर्ड ट्रॉनिक यांच्या कामामुळे. १९७८ च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात आई मुलाशी काही वेळ खेळे आणि मग एकाएकी चेहरा निर्विकार करून नुसती बघत राही; मूल हसून पाही, हात हलवून पाही, आणि काहीच उत्तर येत नाही असे दिसल्यावर मान फिरवून खिन्न होई. म्हणजे उत्तराची अपेक्षा त्याच्या ठायी आधीपासूनच होती. परंतु याहून मोलाची वाटते ती ट्रॉनिक आणि जेफ्री कोन यांची १९८९ ची मोजणी : सुखाने खेळणाऱ्या माय-लेकरांचे भाव परस्परांशी जुळलेले असतात ते एकूण वेळाच्या सुमारे ३० टक्के किंवा त्याहूनही कमी, उरलेला वेळ चुकामुकीत आणि ती सावरण्यात जातो. जोसेफ जॅफी आणि बिअट्रिस बीबी यांना २००१ साली आवाजाच्या देवघेवीच्या तालातही असेच काही दिसले. चौथ्या महिन्यात ज्यांचा मेळ मध्यम होता, त्या मुलांचे नाते वर्षाच्या वयास अधिक निर्धास्त आढळले, फार घट्ट मेळ असणाऱ्यांचे नव्हे.

आता उचलून घेण्याकडे वळू. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेचे निदान प्रथम मांडले, त्यात त्यांनी एक तपशील नोंदविला होता : यांतील पुष्कळ मुले उचलून घेताना अंगाची पूर्वतयारी करीत नसत, असे त्यांच्या आयांनी सांगितले होते. ज्या गोष्टीच्या अभावाची तक्रार आयांनी केली, ती गोष्ट इतर मुलांत नेमकी केव्हा उपजते, याची बारकाईने पाहणी मात्र सत्तर वर्षांनी, २०१३ मध्ये, पोर्टस्मथ विद्यापीठातील वासुदेवी रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. आईचे हात अजून वाटेवर असतानाच, स्पर्श होण्यापूर्वी, दोन महिन्यांचे मूलही चुळबूळ थांबवून स्थिर होते, बाहू पसरून काखेत जागा करून देते, पाय आखडते किंवा ताठ करते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ही तयारी अधिक सफाईदार होते. ज्याला मान धड सावरता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या हेतूचा अंदाज घेऊन आपला देह त्यास अनुकूल करावा, यात मला जीभ बाहेर काढण्याच्या वादग्रस्त अनुकरणापेक्षा कितीतरी अधिक बुद्धी दिसते. निजलेले मूल जागेपणीपेक्षा जड लागते, असे घरोघरच्या आज्या म्हणतात, ते उगाच नव्हे; झोपेत त्याचा हातभार बंद असतो. आणि मोठे माणूसही हात पुढे करून, काहीतरी बोलून, क्षणभर थांबते, ते त्या हातभारासाठीच.

मूल उभे राहू लागल्यावरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. लाइपझिग येथे सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांना २००९ मध्ये असे आढळले की, अडीच वर्षांचे मूल यंत्राच्या ठोक्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाच्या ठोक्याशी आपला ढोल अधिक जुळवून घेते. आणि कॅनडात लॉरा सिरेली यांच्या २०१४ च्या प्रयोगात, जिच्यासमवेत एका तालात झुलवले गेले होते, त्या बाईच्या हातून पडलेल्या वस्तू चौदा महिन्यांच्या मुलांनी अधिक तत्परतेने उचलून दिल्या.

या दप्तराविषयी एक आक्षेप नोंदवणे अगत्याचे आहे. बहुतेक नोंदी समोरासमोर बसवलेल्या पाश्चात्त्य माय-लेकरांच्या आहेत. हायडी केलर यांनी कॅमेरूनमधील न्सो समाजात पाहिले, तेथे आया मुलाच्या डोळ्यांत पाहत बसण्यापेक्षा त्याला अंगाशी धरून तालात वरखाली हलवणे पसंत करतात. आपल्याकडचे तान्ह्याचे न्हाण त्याच जातीचे. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, मुलाला पायांवर घेऊन तेल चोळते, उजवा हात डाव्या पावलाला लावते, पालथे घालते, आणि कपाळावर तळव्याचा आडोसा धरून तांब्या ओतते. यात दृष्टीची देवघेव थोडी, देहाची अखंड. तांब्या उचलला जाताच मूल श्वास धरते का, पाठ केव्हा ताठ करते आणि केव्हा सैल सोडते, आणि त्या सैलपणाचा अंदाज मांड्यांनाच लागून बाईच्या हाताचा वेग बदलतो का, याची क्षणाक्षणाची नोंद करण्यास रेड्डी यांच्या पाहणीतल्या रीतीच पुरेशा आहेत. कॅमेरा तेवढा न्हाणीघरात न्यावा लागेल.