एकच जातं, दोन कवयित्री

जनाबाईंचे दळणाचे अभंग आणि बहिणाबाई चौधरींची ‘घरोट’ लागोपाठ वाचून बघा. मधे सहाएकशे वर्षं आहेत, पण खुंटा तोच, पहाटही तीच!

जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. त्यांच्या अभंगांत विठ्ठल स्वतः दळू लागतो. राबणाऱ्या बाईच्या शेजारी देव मांडी घालून बसतो, हे मला आजही थक्क करतं.

बहिणाबाई (१८८०–१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं; गाणी कामाच्या ओघात सुचत. त्यांचं लक्ष थेट जात्यावर आणि त्याच्या नावावर. ज्यातून पीठ येतं, त्याला ‘जातं’ का म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न! पाळूच्या कडेनं पीठ झरतं, तसं गाणं पोटातून ओठी येतं, असं त्या सांगतात. कविता कशी जन्मते हे याहून नेमकं सांगितलेलं मी वाचलेलं नाही.

जनाबाईंना जात्यापाशी सोबती भेटला, बहिणाबाईंना शब्द. मला बहिणाबाई किंचित जास्त जवळच्या वाटतात. दोन्ही कविता मोठ्यानं वाचा, मनात नको. घरघर ऐकू येते.