नीरा की शिंदी? मडके ठरवते

औसा तालुक्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला शिंदीचे झाड दाखवावे लागत नाही. ओढ्याच्या काठी, पडीक जमिनीत ते आपले आपण वाढते. खजुराचेच हे रानटी भावंड. शेंड्याजवळ खोडाला खाच पाडून तिच्याखाली मडके अडकवले, की रात्रभर गोड रस थेंबथेंब गळत राहतो.

आता समजा, एकाच झाडाला आज एक मडके लावले आणि उद्या दुसरे. पहिल्यातला रस पहाटे गोड व स्वच्छ निघाला, तो नीरा. दुसऱ्यातल्या रसावर फेस आला, वास आंबूस झाला. ती शिंदी, म्हणजे मादक पेय. झाड तेच, रस तोच, रात्रही तेवढीच लांब. मग फरक कोणी केला? फरक मडक्याने केला!

आपल्या भागात या फरकाला इतिहासही आहे. औसा पूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात होता (लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला) आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. शिंदीवरील अबकारी कर हे संस्थानाचे उत्पन्नाचे मोठे साधन होते. म्हणूनच १९४७ च्या आंदोलनात सत्याग्रहींनी कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडे तोडली. सरकारचे उत्पन्न बुडवण्याचा तो एक मार्ग होता. खरे पाहता झाडाचा काही दोष नव्हता. याच जातीच्या झाडांच्या रसापासून गूळ करण्याचा उद्योग १९३४ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हाती घेतला होता. रस आंबू न देणे, एवढीच त्यातली मेख.

रस आंबवतात ते यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव. ते साखर खातात आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड वायू यांत रूपांतर करतात. त्यांच्या जोडीला काही जीवाणू असतात. त्यांतले काही दह्यातल्यासारखे आम्ल बनवतात, तर काही अल्कोहोलचेच पुढे शिरक्यात रूपांतर करतात. हे सर्व पाहुणे खाचेवर बसणाऱ्या माश्या-मधमाश्यांबरोबर येतात, कोयत्याच्या पात्यावरून येतात; पण सर्वांत मोठी फौज असते ती जुन्या मडक्याच्या भिंतीत. मातीचे मडके सच्छिद्र असते. कितीही विसळा, कालचे यीस्ट छिद्रांत बसून राहते आणि आजच्या रसाला विरजण लावते. शिंदी काढणाऱ्याला वेगळे यीस्ट विकत आणावे लागत नाही, ते यामुळेच. नीरा काढणारा नेमके उलट करतो. तो मडके घासून धुतो, तापवतो किंवा धुरी देतो, आतून चुना फासतो आणि सूर्य वर येण्यापूर्वी रस उतरवून थंड जागी नेतो. चुन्याच्या तीव्र अल्कतेत यीस्टला काम करणे कठीण जाते.

आंबण्याच्या या भानगडीत लुई पाश्चर १८५६ साली पडला, तोही एका कारखानदाराच्या तक्रारीमुळे. फ्रान्समधील लील येथे बीटच्या रसापासून अल्कोहोल तयार करणाऱ्या कारखान्यातल्या काही टाक्या आंबट होऊन वाया जात होत्या. चांगल्या टाकीतल्या थेंबात पाश्चरला सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टचे गोल कण दिसले. बिघडलेल्या टाकीत त्याहून पुष्कळ लहान, काडीसारखे जीव वळवळत होते. म्हणजे टाकीत रसायन कोणते तयार व्हायचे, हे आत कोण राहतो यावर अवलंबून होते.

हे सारे शाळेच्या प्रयोगशाळेत एका चंबूत पाहता येते. आधी एक ताकीद. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि थोड्या प्रमाणातच करावा, द्रव चाखू नये, आणि प्रयोग संपताच ओतून द्यावा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे.

पाव लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या. त्यात २५ ग्रॅम गूळ विरघळवा आणि पाव बनवण्याचे कोरडे यीस्ट अर्धा चमचा टाका. हे मिश्रण अर्ध्या लिटरच्या चंबूत भरून रबरी बूच बसवा. बुचातून काचेची वाकडी नळी काढा, तिला रबरी नळी जोडा आणि तिचे टोक चुन्याच्या निवळीत बुडवा. (पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की वर राहते ती निवळी.) काचेची नळी बुचात घालताना ती ओली करावी आणि हाताला फडके गुंडाळावे, नळी मोडून तळहात कापल्याची उदाहरणे थोडी नाहीत. चंबूचे तोंड मात्र कधीही पक्के बंद करू नका. २५ ग्रॅम गुळातली साखर पुरती आंबली तर पाच-सहा लिटर वायू निघतो. तो कोंडला गेला तर चंबू फुटेल.

थोड्या वेळाने चंबूत फेस येऊ लागेल, निवळीत बुडबुडे फुटतील आणि ती दुधाळ होईल. पण पुष्कळदा असे होत नाही. आत फेस उसळतो आहे आणि नळीच्या टोकाशी एकही बुडबुडा नाही! यीस्ट मेले म्हणावे तर फेस कोठून आला? अशा वेळी समजावे की कोठेतरी गळती आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही चंबू पाण्याने भरून उलटा धरून पाहिला होता, थेंबही गळला नाही. ही परीक्षा फसवी आहे. ०·१ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राच्या तोंडाशी पाण्याचा पृष्ठताण एखाद्या ताणलेल्या पडद्यासारखे काम करतो आणि २५ ते ३० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ अडवून धरू शकतो. वायूला असा पडदा नाही. शिवाय वायूची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, पाण्याच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाइतकाच असतो. नळीचे टोक निवळीत ५ सेंटिमीटर बुडालेले असेल तर बाहेर पडण्यासाठी वायूला तेवढ्या पाण्याचा दाब रेटावा लागतो. तो दाब वातावरणाच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा, म्हणजे फारच थोडा. पण शेजारी फुकटची फट असताना वायू तेवढेही कष्ट कशाला घेईल?

गळती शोधायची तर साबणाचे दाट पाणी कुंचल्याने एकेका सांध्यावर लावा आणि क्षणभर थांबा. बूच व चंबूची मान, बूच व काचनळी, रबरी नळीची दोन्ही टोके, हे संशयित ठरलेलेच असतात. जेथे फुगा फुगेल तेथे चोर. बूच सैल असेल तर मोठ्या मापाचे घ्या. नळीचे टोक पसरट झाले असेल तर तेवढा भाग कापून टाका. बारीक फट राहिलीच तर बाहेरून मेण लावा. आपल्याकडे भांड्याचे झाकण कणकेने लिंपण्याची जुनी रीत आहे. ती तासाभराच्या कामाला उत्तम, पण येथे आठवडाभर राहिलेली कणीक स्वतःच बुरशीचे शेत होईल. रबराला भेगा पडल्या असतील तर डागडुजी करत बसू नका, ते फेकाच.

कोणी विचारील, वायू बाहेरच जात असताना हवा आत कशी येणार? जोरात फेस येत असतो तोवर येत नाही, हे खरे. पण साखर संपत आली की वायू मंदावतो. मराठवाड्यात हिवाळ्यात दुपारच्या आणि पहाटेच्या तापमानात १५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने चंबूतला वायू सुमारे पाच टक्के आकसतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. तिच्याबरोबर शिरका करणारे जीवाणू येतात. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. ०·१ मिलिमीटरच्या छिद्रातून असे शंभर जीव एका रांगेत उभे राहून येऊ शकतील! त्यांना लागतो ऑक्सिजन, तोही हवेबरोबर मिळतो. (फट नसेल तर निवळीच मागे चंबूत ओढली जाते. म्हणून मध्ये दोन नळ्यांचे बूच बसवलेली एक रिकामी बाटली जोडावी.)

आता स्वच्छतेकडे वळू. येथे दोन कामे आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. आधी मळ काढणे, मग जंतू मारणे. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातला क्लोरीन मळाशीच लढून संपून जातो, जंतूंपर्यंत पोचतच नाही. आपल्या विहिरींच्या व विंधन विहिरींच्या जड पाण्याने काचेवर पांढरा थर बसतो, तोही जंतूंना ढालीसारखा उपयोगी पडतो. तो लिंबाच्या रसाने किंवा शिरक्याने काढावा आणि पुष्कळ विसळून मगच ब्लीचिंग पावडर वापरावी. आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे विसरू नका. खरे तर शाळेसाठी उकळणे हाच मार्ग बरा. चंबू, नळी व बूच थंड पाण्यात बुडवून ते पाणी तापवत न्यावे आणि दहा मिनिटे उकळू द्यावे. काही जीवाणूंची बीजुके उकळूनही जिवंत राहतात, पण आपल्या कामापुरते हे पुरे. नंतर फडक्याने पुसू नये. रोजचे फडके म्हणजे जंतूंची वसाहतच. पालथे घालून निथळू द्यावे.

विसळायला पाणी फार लागते, ही तक्रार लातूरकरांना कोणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पण येथे गणित मदतीला येते. चंबूला साबणाचे १० मिलिलिटर पाणी चिकटून राहते असे धरा. एकदम ३०० मिलिलिटर पाण्याने विसळले तर एकतिसावा हिस्सा साबण मागे उरतो. तेच पाणी १००-१०० मिलिलिटर असे तीनदा वापरले तर दर वेळी अकरावा हिस्सा उरतो, म्हणजे शेवटी १३३१ वा. पाणी तेवढेच, साबण त्रेचाळीस पटींनी कमी!

विसळताना बुचाचे भोक आणि नळीची टोके नीट पाहा. साबणाचा फुगा आला होता त्याच जागी काळसर मळ धरलेला दिसेल. ज्या फटीतून वायू निसटतो तेथेच गुळाचे पाणी शिरून वाळते, आणि तेथे ब्रशही पोचत नाही. गळतीची जागा आणि घाणीची जागा पुष्कळदा एकच असते. सारी उपकरणे सुटी केल्याशिवाय ती धुतली असे म्हणू नये.

वर्गाचे दोन गट पाडून दोन चंबू लावा. एक नीट उकळलेला आणि सांधे तपासलेला; दुसरा नुसता विसळलेला, बूच सैल असलेला. पंधरा दिवसांनी दोन्हींचा वास दुरूनच, हाताने वारा घालून घ्या आणि निळा लिटमस लावून पाहा. दोन्हीकडे लिटमस लाल होईल, कारण कार्बन डाय-ऑक्साइडही पाण्यात आम्ल देतो. म्हणून दोन्हींचे थोडे द्रव शिक्षकांकडून तापवून वायू घालवा. सारखे माप घेऊन त्यांत फिनॉल्फ्थॅलीन टाका आणि निवळी थेंबथेंब मिसळा. गुलाबी रंग टिकून राहायला कोणत्या द्रवाला जास्त थेंब लागले, ते वहीत लिहून ठेवा.