टायर म्हातारा कधी होतो?

समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या दारात एक छोटी गाडी उभी असते. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, कुठलीही असो. ‘उभी असते’ हेच क्रियापद तिला शोभतं. भाजी, बँक, दवाखाना, एखादं लग्न, आणि वर्षातून एक-दोनदा कोकण. अशी गाडी आठ वर्षांत पंचवीस हजार किलोमीटरसुद्धा होत नाही. मग सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक म्हणतो, “काका, टायर बदलायला झालेत.” आपण वाकून पाहतो. नक्षी चांगली खोल दिसते. आपल्याला वाटतं, हा आपल्याला गिऱ्हाईक करतोय.

नवे टायर कसे निवडायचे याकडे येऊच, पण आधी आपल्या मनातलं ते वाक्य तपासू. ‘खाचा शाबूत आहेत, म्हणून टायर चांगला आहे.’ हे अनुमान आहे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं म्हणतो, तेव्हा जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी ही व्याप्ती आपल्या पाठीशी असते. खाचा आणि टायरचा चांगलेपणा यांच्यात तशी व्याप्ती नाही. खोल खाचांचा टायर चांगला असू शकतो आणि निकामीही असू शकतो. दोन्हीकडे भटकणाऱ्या अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. उलट दिशेचं अनुमान मात्र पक्कं आहे: टायर गोटा झाला असेल तर तो वाईटच. म्हणजे खाचा पाहून टायर नापास करता येतो, पास करता येत नाही. आणि या पेपराची किंमत अशी, की गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढ्या रबरातून. मागच्या सीटवर नातवंडं बसलेली असतात ती त्या चार तळहातांवर.

नापास करण्याची रेषा सोपी आहे. खाचांच्या तळाशी मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली, आणि आपल्या मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची ती शेवटची मर्यादा. नव्या टायरला ही खोली सात-आठ मिलिमीटर असते. आपल्याकडच्या घाटांत जुलैत जो पाऊस पडतो तो पाहता आम्ही ३ मिलिमीटरलाच थांबावं असं म्हणू, कारण खाचांचं कामच पाणी बाहेर फेकणं. कोरड्या रस्त्यावर त्यांची फारशी गरजही नाही. शर्यतीच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर गुळगुळीत टायरवरच धावतात.

आता न झिजलेल्या टायरचं काय? रबर ही सेंद्रिय वस्तू आहे. चार्ल्स गुडइयरने १८४४ साली ज्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, तिच्यात गंधक आणि उष्णता वापरून रबराच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी टाके घालतात. त्या टाक्यांमुळे चिकट रबर लवचीक आणि टिकाऊ होतं. पण टायर कारखान्यातून बाहेर पडला तरी रसायनशास्त्र थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, उष्णता त्याला मदत करते, रबर हळूहळू कडक होतं. ओझोन वरून चिरा पाडतो. याला उतारा म्हणून कंपन्या रबरात काही रसायनं आणि मेण मिसळतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, दबतो, सुटतो, तसं ते पृष्ठभागावर येतं आणि पातळ थर धरतं. गंमत अशी की उभ्या गाडीच्या टायरला हा व्यायाम मिळत नाही. तेव्हा ‘गाडी वापरलीच नाही, टायर नवेच आहेत’ हे म्हणणं बरोबर उलटं पडतं. महिनोन्‌महिने एका जागी, त्यातही उन्हात, उभ्या असलेल्या गाडीचा टायर न झिजता म्हातारा होतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक केसासारख्या भेगा दिसू लागतात. कडक झालेलं रबर ओल्या डांबराला धरत नाही, आणि आतल्या थरांची एकमेकांवरची पकड सैल पडली असेल तर तेवढंही बाहेरून दिसत नाही.

टायरचं वय पाहायला ज्योतिषी लागत नाही, ते साइडवॉलवर छापलेलं असतं. ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे शोधा. ०८१७ असेल तर २०१७ सालचा आठवा आठवडा, म्हणजे फेब्रुवारी. कधी कधी ही पूर्ण ओळ एकाच बाजूला असते आणि नेमकी ती बाजू आत बसवलेली असते. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून किंवा गाडी लिफ्टवर घेतल्यावर टॉर्च लावून पाहावं लागतं. अनेक टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी काढून टाका. काही मोटार कंपन्या सहा वर्षांवरच बोट ठेवतात. आपलं ऊन पाहता आम्ही सहा-सातच्या बाजूचे आहोत. मेकॅनिक खोटं बोलतोय की खरं, हे ठरवायला तेवढे चार आकडे पुरेसे होतात.

समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, सरळसोट काँक्रीट, कारला ताशी १२० ची मर्यादा. तिथे टायर फुटून इतके अपघात झाले की परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला घेतले. लोक काँक्रीटला दोष देतात. पण छोट्या गाडीच्या टायरवर बहुधा ‘टी’ हे अक्षर असतं आणि त्याचा अर्थ ताशी १९० पर्यंत चालेल असा. मग तो १०० ला का फुटतो? १९० चं आश्वासन धडधाकट आणि योग्य हवा भरलेल्या टायरला आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि आत उष्णता साठते. शहरात दर दोन मिनिटांनी सिग्नल असल्याने ती निघून जाते. महामार्गावर दोन तास सलग जाताना ती निघत नाही, आणि त्यात टायर आठ वर्षांचा. तेव्हा ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी’ हा सल्ला शंभर जणांनी दिला तरी ऐकू नका. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर जो कागद चिकटवलेला असतो, त्यावरचा आकडा धरायचा, तोही टायर थंड असताना. टायरवर छापलेला हवेचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. नायट्रोजनबद्दल विचारतातच लोक, म्हणून सांगतो: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे. फुकट भरून देत असतील तर घ्या.

बरं, नवे टायर घ्यायचे ठरलं. आकार कोणता? जुन्या टायरवर जो आहे तोच, आणि तो खांबावरच्या कागदाशी जुळवून. स्विफ्टच्या साध्या मॉडेलवर १६५/८० आर १४ असतं. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणून १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडिअल, १४ हा रिमचा इंचांतला व्यास. वर-खाली दोन साइडवॉल आणि मधलं रिम मिळून चाकाचा व्यास येतो जवळपास ६२० मिलिमीटर. त्याच स्विफ्टच्या महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५ असतं. गणित केलंत तर ६२१-६२२ येतं. कंपनीने रिम मोठं केलं, पण साइडवॉल आखूड करून व्यास तोच राखला, कारण स्पीडोमीटर, गिअर, ब्रेक सगळं त्या व्यासावर बेतलेलं असतं.

आता दुकानदार म्हणतो, “साहेब, हा साइज नाही, १७५/६५ घ्या, १४ चंच आहे, रुंद आहे, ग्रिप मिळेल.” रिम तेच, म्हणून टायर बसेल हे खरं. पण व्यास येतो ५८३. गाडी १८ मिलिमीटरने खाली बसली. आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर कोणत्या शास्त्राने बांधलेले असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. किलोमीटरचा काटा सहा टक्के जास्त दाखवू लागला. आणि महत्त्वाचं म्हणजे आकारानंतर जो दुसरा आकडा असतो, भाराचा, तो ८५ चा ८२ झाला. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८२ म्हणजे ४७५. चार माणसं आणि कोकणातून येताना आंब्याच्या पेट्या, अशा वेळी प्रत्येक टायरमागे ४० किलो आपण सोडून दिले. भाराचा आकडा मूळच्यापेक्षा कमी घ्यायचा नाही, वेगाचं अक्षर खालचं घ्यायचं नाही, आणि आयएसआयची खूण पाहायची, जी आपल्याकडे बंधनकारक आहे.

कंपनी कुठली, यावर फार वेळ घालवू नये. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, सगळ्यांचे या आकारातले टायर आपल्या वापराला पुरतात. (एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासमध्ये फुग्यांच्या कारखान्यापासून झाली, हवा धरून ठेवणं हा धंदा तिथपासूनचा.) ज्याला मैल जास्त मिळतात असं सांगतात त्याचं रबर बहुधा कडक, आणि ओल्यात जो धरतो तो बहुधा लवकर झिजतो. ज्याची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते त्याने ८० हजार किलोमीटर टिकणारा टायर घेऊन काय करायचं? तो तेवढा चालण्याआधी म्हातारा होणार. आपण ओल्या रस्त्यावरची पकड विकत घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल घ्या आणि भाव जुन्या हिशोबाने लावलेला नाही ना ते पाहा. आणि पैसे देण्याआधी चार आकडे वाचा. काही महिन्यांचा टायर चालेल. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळाला तर त्याच्या आयुष्यातली तेवढी वर्षं दुकानदाराने वापरली असं समजा.

एका गोष्टीवर दुकानात वाद होईल. दोनच टायर बदलत असाल तर नवे कुठे बसवायचे? दुकानदार म्हणेल पुढे, कारण छोट्या गाडीत इंजिनाची ओढ आणि स्टिअरिंग दोन्ही पुढच्या चाकांवर. वरवर पटतंही. पण ओल्या वळणावर काय होतं पाहा. पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. आपण घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, वेग उतरतो, पकड परत येते. मागची घसरली तर गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं, गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि तेव्हा जे करायचं ते आपल्या स्वाभाविक प्रतिक्रियेच्या उलट असतं. ताम्हिणी घाटात ते सुचणार नाही. म्हणून नवे टायर मागे, आणि मागचे त्यातल्या त्यात बरे पुढे. मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात.

मग दुकानदारावर विश्वास ठेवायचाच नाही का? तसं नाही. शब्द हेही प्रमाण आहे, फक्त बोलणारा आप्त हवा: ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो. न्यायभाष्यकार वात्स्यायन (कामसूत्रवाला वेगळा समजला जातो) म्हणतो की आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. चौकातला पंक्चरवाला आप्त असू शकतो आणि वातानुकूलित शोरूममधला टायवाला नसूही शकतो. परीक्षा करायची तर त्याला जुन्या टायरची झीज पाहून कारण विचारा. मुठेचं पाणी वाढलं की वर खडकवासल्याच्या बाजूला पाऊस झाला असं आपण कार्यावरून कारण ओळखतो, तसंच हे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मध्ये झिजला असेल तर जास्त भरली, एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट गेलं. हे न पाहता जो नुसते टायर चढवून देतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, कारण कारण तसंच राहिलं तर नव्या टायरचंही तेच होणार. बॅलन्सिंग करून घ्यायचं, ट्यूबलेस असेल तर रबरी व्हॉल्व्ह नवा बसवायचा. तो टायरइतकाच म्हातारा असतो.

आणि स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर दोन भावांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जादा चाकाचा धंदा काढला. ते नाव इंग्लंडात विसरलं गेलं, आपल्या डिकीत राहिलं. आपल्या गाडीची स्टेपनी गाडीइतकीच जुनी असते, एकदाही न चाललेली, आणि तिची हवा कुणी पाहत नाही. तिचेही चार आकडे वाचा. चार टायर बदलत असाल तर काढलेल्यांतला सगळ्यांत तरुण टायर तिथे ठेवता येतो का ते पाहा.

उरलेले जुने टायर दुकानदार थोड्या पैशांत परत घेतो. ‘पडू देत, कामाला येतील’ म्हणून ते घरी आणून गच्चीवर टाकू नका. टायरच्या पोटात साचलेलं पावसाचं पाणी तिरकं करूनही पूर्ण निघत नाही, आणि डेंग्यूचा एडिस डास अंडी घालायला तीच जागा शोधत असतो.