सहावा शिष्य

चिनी तलवारबाजांच्या कादंबऱ्यांत पात्रांची एवढी गर्दी असते की एखादा दुय्यम शिष्य मेला तर वाचक पान उलटून पुढे जातो. लू दायौच्या बाबतीत मला ते जमलं नाही.

हाँगकाँगचे जिन योंग (1924–2018) यांनी ‘शियाओ आओ जियांगहू’ ही कादंबरी 1967 ते 1969 या काळात स्वतःच्याच ‘मिंग पाओ’ दैनिकात क्रमशः लिहिली. दैनिकाचे अग्रलेखही तेच लिहीत. पलीकडे चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती पेटली होती आणि निष्ठेची जाहीर परीक्षा रोजची झाली होती. त्या दिवसांत लिहिलेल्या या कादंबरीत सगळ्यात निष्ठावान माणूस कोण, तर खांद्यावर माकड घेऊन हिंडणारा, चेष्टेचा विषय असलेला एक पोरगा.

हुआशान पंथात लू दायौ सहावा. म्हणून गुरुबंधू त्याला ‘सहावं माकड’ म्हणतात. तिथे थोरला-धाकटा हे वयावर नसून दीक्षेच्या क्रमावर ठरतं. म्हणून पिकल्या केसांचा लाओ देनुओ दुसरा, आणि पंचविशीतला, दारूबाज लिंगहू चोंग सर्वांचा थोरला. हा लिंगहू चोंग कथेचा नायक. पण तो समोर येण्याआधी आपल्याला भेटतो तो चहाच्या दुकानात बसलेल्या लू दायौच्या तोंडून. थोरल्याने एका भिकाऱ्याची दारू कशी एका दमात संपवली, हे तो असं रंगवून सांगतो की नायकावर आपला जीव आधीच जडतो. पुढे थोरल्याला कड्यावर एकांतवासाची शिक्षा होते, तेव्हा एरवी गुरूंची मुलगी लिंगशान जेवण पोचवते; ती आजारी पडल्यावर डबा घेऊन कडा चढणारा लू दायौच.

खरी गोष्ट पुढे आहे. लिंगहू चोंग जबर जखमी होऊन पडतो. गुरू युए बुछून इतरांना घेऊन डोंगर उतरतात. शुश्रूषेला मागे राहतो लू दायौ. लिंगशान बापाची ‘झिशिया’ ही गुप्त पोथी चोरून परत येते, कारण तिच्यातल्या साधनेने जखम बरी होईल. लिंगहू चोंग मात्र गुरूची चोरलेली पोथी उघडायला तयार नाही. मग लू दायौ ती स्वतःच मोठ्याने वाचू लागतो. ऐकू येईलच ना! त्याला गप्प करायला थोरला त्याच्या छातीवरच्या मर्मबिंदूवर बोट मारतो आणि तो निपचित पडला असताना निघून जातो. नंतर लू दायौ मेलेला सापडतो, पोथी गायब. संशय थोरल्यावर, आणि आपल्याच बोटाने तो मेला असेल का, हा प्रश्न त्या थोरल्यालाही सोडत नाही.

त्या खोलीत दोन निष्ठा समोरासमोर होत्या. एकाची गुरूवर, दुसऱ्याची गुरुबंधूवर. लू दायौने पंथाचा नियम मोडला तो कसलाही तात्त्विक विचार न करता. समोरचा माणूस मरत होता, एवढंच त्याला दिसत होतं. मला तो त्या डोंगरावरचा सर्वांत शहाणा माणूस वाटतो. (गुरू पुढे किती ढोंगी निघतात हे पाहिलं की थोरल्याच्या बाणेदारपणाची कीव येते, पण तेव्हा त्याला ते कुठून कळणार!)

खून लाओ देनुओने केलेला असतो. नम्र, शब्दाबाहेर न जाणारा हा दुसरा शिष्य प्रतिस्पर्धी सोंगशान पंथाचा हेर होता. गुरूंनी ते ओळखलेलं होतं आणि डावपेच म्हणून त्याला जवळ ठेवलं होतं. म्हणजे लू दायौच्या मरणात त्यांच्या हिशेबीपणाचाही वाटा आहे. कादंबरी तो बोलून दाखवत नाही.

आणि जिन योंग या पोराला विसरत नाहीत. अगदी शेवटच्या प्रकरणात नायिका रेन यिंगयिंग लाओ देनुओला ठार करत नाही. साखळीने दोन थोराड माकडांना जखडून टाकते, कारण सहाव्याला माकडं आवडायची. मग लगेच नवऱ्याचं मनगट धरून, आपणही जन्मभर एका माकडाशीच जखडलो गेलो, अशी थट्टा करते. चहाच्या दुकानात लू दायौच्या खांद्यावरही असंच एक माकड होतं.