खर्जाचा आवाज वाढवावयाचा कसा?

बास गिटार वाजविणाऱ्याची एक तक्रार ठरलेली असते. वाद्यवृंदातील ड्रमचा गजर सुरू झाला की त्याचा स्वर ऐकू येईनासा होतो. मग तो विवर्धकाचे, म्हणजेच व्यवहारात ज्याला अॅम्प्लिफायर म्हणतात त्याचे, बटण आणखी फिरवितो. काही मर्यादेपलीकडे आवाज वाढत नाही, फाटू मात्र लागतो. मग अधिक वॉटचा, अर्थातच अधिक किमतीचा, विवर्धक घ्यावा असे त्याला वाटते. हा खर्च पुष्कळदा निराशा पदरी टाकतो, व त्याचे कारण माणसाच्या कानात आहे.

कान शक्तीचा हिशेब बेरजेने करीत नाही, गुणोत्तराने करतो. ५० वॉटच्या जागी १०० वॉट आले तर ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबेलने चढते, आणि हा फरक ऐकणाऱ्याच्या जेमतेम ध्यानात येतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा भासावयाचा तर शक्ती सुमारे दहापट करावी लागते. (कानाच्या आरोग्याच्या दृष्टीने मात्र हेच ३ डेसिबेल क्षुल्लक नव्हेत. ८५ डेसिबेलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानली, तर पुढील प्रत्येक ३ डेसिबेलला ती वेळ निम्मी होते.)

खर्जाच्या बाबतीत तर कान विशेषच मंद आहे. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. १००० कंपनांचा स्वर ४० डेसिबेलला जेवढा मोठा भासतो, तेवढाच भासण्यासाठी ४० कंपनांच्या स्वराला ८० डेसिबेलहून अधिक पातळी लागते. म्हणून खर्जाचे बटण पुरते फिरविणारा वादक आपली शक्ती नेमकी कान कमी ऐकतो तेथेच उधळीत असतो. तेच बटण थोडे उतरवून मधल्या कंप्रता वाढविल्या तर वाद्य गर्दीतून स्पष्ट वर येते, व खर्जाची उणीवही फारशी भासत नाही. कारण वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वर कान स्वतःच जुळवून घेतो.

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ मध्ये आपली बास गिटार बाजारात आणली. तिच्यासाठी १९५२ मध्ये निघालेल्या विवर्धकाची शक्ती २५ वॉटच्या आसपास होती व त्यात १५ इंच व्यासाचा एकच ध्वनिक्षेपक, म्हणजे लाउडस्पीकर, असे. १९६९ मध्ये अँपेग या अमेरिकन कंपनीने निर्वात नलिकांचा ३०० वॉटचा विवर्धक काढला. शक्ती बारापट झाली; पण तेवढ्याने आवाज दुप्पटीहून फारसा वाढला नसता. खरी भर ध्वनिक्षेपकांची होती. दोन उंच पेट्यांत मिळून १० इंचांचे सोळा ध्वनिक्षेपक बसविलेले होते, म्हणजे हवा ढकलणाऱ्या शंकूंचे क्षेत्रफळ सुमारे सातपट झाले होते.

ध्वनिक्षेपक हे यंत्र मोठे उधळे आहे. त्याला मिळणाऱ्या विजेतील फार थोडा, शेकडा काही टक्के एवढाच भाग ध्वनी होतो; बाकीची त्याच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. शेजारी शेजारी ठेवलेले दोन शंकू एकाच वेळी हलले, तर खर्जात ते एकमेकांच्या हवेवरील पकडीला साहाय्य करतात. परिणामी तीच शक्ती दोघांत वाटली तरीही पातळी सुमारे ३ डेसिबेलने वाढते. एक वॉटही न वाढविता वॉट दुप्पट केल्याचे फळ मिळते ते असे. जोडणी मात्र डोळसपणे करावयास हवी. आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की संरोध चार ओहम होतो. ट्रान्झिस्टरचा विवर्धक त्यामुळे अधिक शक्ती देऊ लागतो खरा, परंतु निर्मात्याने सांगितलेल्या किमान संरोधाखाली गेल्यास तो जळण्याचा धोका असतो.

सर्वांत स्वस्त उपाय पेटीच्या जागेचा आहे. ४१ कंपनांच्या स्वराची तरंगलांबी आठ मीटरांहून थोडी अधिक असते. पेटी भिंतीपासून दोन मीटर पुढे असली, तर मागे जाऊन परतणाऱ्या लाटेला चार मीटरांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तरंगाचा फेरा पडतो, आणि ती समोर जाणाऱ्या लाटेला मारते. सर्वांत खालचा स्वरच असा नाहीसा होतो. पेटी भिंतीला टेकविली की दोन्ही लाटा जोडीने निघतात. कोपऱ्यात सारली तर दुसऱ्या भिंतीचेही साहाय्य मिळते.