मित्राच्या फोटोवर फीडबॅक द्यायचा कसा?

नीरा नदीत माऊलींच्या पादुकांचं स्नान झालं की पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. पुढे तरडगावच्या वाटेवर, चांदोबाचा लिंब इथे, या सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण होतं. वारकऱ्यांइतकीच हौशी फोटोग्राफर मंडळींचीही तिथे झुंबड असते. मग संध्याकाळी एकमेकांना फोटो दाखवणं सुरू होतं आणि प्रतिक्रिया ठरलेल्या: "एक नंबर भावा!" नाहीतर "हललाय राव."

दोन्हींचा उपयोग जवळपास शून्य. घोडा समोरून काही सेकंदांत निघून जातो आणि ते रिंगण पुन्हा तिथे येतं ते वर्षभराने. यंदा काय जमलं, काय नाही हे कळलंच नाही, तर पुढच्या वारीतही तोच फोटो निघणार.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा प्रश्न तुमचाही आहे. उद्या मित्राचा सिनॉप्सिस किंवा प्रबंधाचं प्रकरण तुमच्या हातात येईल आणि "छान आहे" याच्या पुढे काही सुचणार नाही. सरावाला फोटो बरा, कारण तो अख्खा एका नजरेत मावतो.

आता संशोधन काय म्हणतं ते बघू. क्लूगर आणि डिनिसी यांनी 1996 मध्ये फीडबॅकवरच्या जुन्या अभ्यासांतले 607 परिणाम एकत्र करून तपासले. सरासरी पाहिली तर फीडबॅकने काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते चक्क बिघडलं होतं! त्यांचं स्पष्टीकरण साधारण असं: माणसाचं लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे वळलं की फीडबॅकचा फायदा कमी होतो. टोमण्याने हे होतं, तसंच कौतुकानेही होऊ शकतं. "तुझी नजरच भारी" हे ऐकायला गोड, पण त्यात फोटोबद्दल काहीच नाही.

मग गुण द्यावेत का, दहापैकी सात वगैरे? रूथ बटलर यांनी 1988 मध्ये शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग इथे कामाला येतो. काही मुलांना फक्त शेरे मिळाले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. रस आणि कामगिरी दोन्ही टिकली ती फक्त शेरे मिळालेल्यांची. गुण आणि शेरे एकत्र दिले तेव्हा शेऱ्यांचा फायदा दिसला नाही. म्हणजे शिकवायचं असेल तर आकडा बाजूला ठेवलेला बरा.

हॅटी आणि टिंपर्ली यांनी 2007 मध्ये चांगल्या फीडबॅकसाठी तीन प्रश्न मांडले: कुठे जायचंय, आत्ता कुठे आहे, पुढचं पाऊल कोणतं. हे आपल्या फोटोला लावून बघू.

समजा मित्राने रिंगणाचा फोटो दाखवला. घोडा थोडा धूसर आहे, आणि उजव्या कोपऱ्यात कुणाचा तरी मोबाईल धरलेला हात आलाय. लगेच "क्रॉप कर" म्हणायचं नाही. आधी दिसतंय तेवढंच सांगा: "माझी नजर पहिल्यांदा मोबाईलवर गेली, मग घोड्यावर." हे मत नाही, निरीक्षण आहे. त्यामुळे वाद घालायला जागा उरत नाही.

मग विचारा: "तुला काय दाखवायचं होतं?" उत्तर "घोड्याचा वेग" असेल, तर तो हात अडथळा आहे. पण उत्तर "भक्तीसुद्धा आता स्क्रीनमधून बघतात लोक" असं आलं, तर तोच हात फोटोचा जीव आहे. न विचारता क्रॉप करायला लावला असता तर फोटोच मेला असता.

शेवटी पुढचं पाऊल सांगा, आणि ते करता येण्यासारखं असू द्या. घोडा स्पष्ट हवा असेल तर शटर 1/1000 च्या आसपास ठेव, ढगाळ उजेडात त्यासाठी आयएसओ वाढवावा लागेल. वेग दाखवायचा असेल तर 1/60 वर घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत क्लिक कर. एका वेळी एक-दोनच गोष्टी. दहा चुकांची यादी दिली तर माणूस एकही सुधारत नाही, वर कॅमेरा कपाटात जातो तो वेगळाच.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची पद्धतही याच अंगाने जाते. आधी काय भावलं ते सांगायचं, मग कलाकाराचे प्रश्न, मग बघणाऱ्यांचे तटस्थ प्रश्न, आणि मत अगदी शेवटी, तेही परवानगी घेऊन.

यात आपला स्वार्थही आहे बरं का. लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांच्या 2009 च्या अभ्यासात, इंग्रजी लेखन शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांनी फक्त दुसऱ्यांच्या लेखनावर फीडबॅक दिला, त्यांचं स्वतःचं लेखन फक्त फीडबॅक घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं.

तेव्हा या आठवड्यात मित्राचा एक फोटो घ्या आणि तीनच वाक्यं लिहा: मला काय दिसलं, तुला काय दाखवायचं होतं, पुढच्या वेळी काय करून बघशील. हे जमलं की तीच तीन वाक्यं एखाद्या सिनॉप्सिसवर लिहून बघा.