पोथीबरोबर गुरुजीही!

संगणकाला कामाला लावणारा माणूस एका साध्या अडचणीपाशी हटकून अडखळतो. त्याच्या यंत्रावर झकास चालणारा प्रोग्राम शेजाऱ्याच्या यंत्रावर ढिम्म हलत नाही. पायथॉनसारख्या भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट ही नुसती पोथी. ती वाचून तसे विधी करणारे गुरुजी, म्हणजे ‘इंटरप्रिटर’, घरात नसतील तर पूजा व्हायची कशी?

माझी थोरली बहीण घरगुती डबे देते. महिन्याच्या हिशेबासाठी मी तिला शेदीडशे ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. ‘‘ते पायथॉन-बियथॉन मी घालणार नाही हं! दोनदा टिचकी मारली की चाललं पाहिजे,’’ असे तिने बजावले. अट रास्तच होती.

यावर उपाय आहे ‘पायइन्स्टॉलर’. हे मोफत साधन पोथी, गुरुजी आणि त्यांना लागणारे सारे साहित्य एकाच पेटीत भरून ‘एक्झी’ फाईल बनवते. त्यामुळेच काही किलोबाइटची स्क्रिप्ट फुगून काही मेगाबाइटची होते! टिचकी मारली की पेटीतले सामान आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये मांडले जाते, म्हणून सुरुवातीला क्षणभर थांबावे लागते. विंडोजवर भरलेली पेटी मॅकवर उघडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. व्हायरस पसरवणारेही अशाच पेट्या वापरतात. त्यामुळे अँटीव्हायरस कधीकधी निरपराध फाईललाही चोर ठरवतो.

ही युक्ती नवी मात्र नाही. डीबेसमधले प्रोग्राम एक्झी करून देणारा ‘क्लिपर’ 1985 साली आला. तोही मूळ आज्ञांचे सांकेतिक रूप आणि ते चालवणारे यंत्र एकत्रच बांधत असे. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांचे, पतसंस्थांचे हिशेब त्यावर चालले. ग्राहकाला फ्लॉपी द्यायची, मूळ मजकूर आपल्या कपाटात! धंदा म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण मला ती पद्धत कधीच पटली नाही. बहिणीला मी एक्झीसोबत मूळ स्क्रिप्टही दिली, ती त्यामुळेच.

माझ्या ओळखीच्या एका पतसंस्थेत क्लिपरचा असा प्रोग्राम वर्षानुवर्षे चालला. लिहिणारे गृहस्थ वारले, मूळ मजकूर कुणालाच सापडला नाही. नव्या 64 बिटांच्या विंडोजने डॉसच्या जमान्यातली ती एक्झी चालवायला साफ नकार दिला. ‘डॉसबॉक्स’ नावाच्या नकली डॉसमध्ये ती अजून चालते, पण तिच्यात अक्षराचाही बदल करता येत नाही. खातेदारांची नावे, शिलका ‘डीबीएफ’ फायलींत शाबूत आहेत. त्या आजही स्प्रेडशीटमध्ये उघडतात. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कसे कापायचे, तो नियम मात्र एक्झीच्या पोटात. तो शोधण्यासाठी दोन लिपिक जुन्या पावत्या पसरून, कॅल्क्युलेटर घेऊन उलटी आकडेमोड करत बसले आहेत.